मोहाखालच्या सुया

चंद्रपूरच्या गोल बाजारात मोहफुलं विकायला आली की मी रस्ता बदलते. भाजीला लांबच्या गल्लीतून जाते, दोन पैसे जास्त देते, पण त्या पोत्यांच्या जवळून जात नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, सगळी नोकरी जंतूंच्या संगतीत गेलेली, काचेच्या नळ्यांतून काय काय हाताळलेलं, आणि घाबरते कशाला, तर वाळलेल्या फुलांच्या ढिगाला. माझं मलाच हसू येतं. पण नाकाला कोण समजावणार? यंदा लक्ष राहिलं नाही. उन्हात चालून डोकं तापलं होतं, वळायचं तिथे वळले नाही, आणि एकदम तो वास आला. मनुकांसारखा गोड, त्याच्या खाली ओल्या पोत्याचा उग्रपणा, आणि त्याच्याही खाली थोडं आंबलेलं काहीतरी. विकणारी बाई म्हणाली, घेता काय बाई, यंदाचाच माल होय. मी मान हलवली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. शेजारचा चपलांचा दुकानदार आला, ऊन लागलं असेल म्हणाला. मीही हो म्हटलं.

माझी भाची पुण्याहून फोनवर सांगते की मावशी, मोहाला आता फार भाव आलाय. लाडू काय, सरबत काय, रंगीत डब्यात घालून विकतात आणि त्यात लोह किती नि साखर किती ते वर छापतात. आमच्या लहानपणी चंद्रपुरात मोहाचं नाव निघालं की मोठी माणसं दारूचा विषय समजून पोरांना खोलीबाहेर काढायची. चांगलं झालं, असं मी तिला म्हणते आणि विषय बदलते.

ऐंशीचं दशक होतं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण साहेब, कपाटं आणि बर्फ अजून चंद्रपुरातच होता. जटपुरा गेटच्या बाहेर एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तीच आमची प्रयोगशाळा. एका खोलीत सूक्ष्मदर्शक, कुरकुरणारा फ्रिज आणि मी. दुसरीत खोकी, दोर, गमबूट आणि सुधाकर. तो जनावरांचा डॉक्टर, मी जंतुशास्त्रवाली, आणि दोघं नवरा-बायको. कागदावर मी त्याला सुधाकर म्हणते, अरे-तुरे करते. समोर कधी केलं नाही. तेव्हा आमच्याकडे बायका ‘अहो’ म्हणायच्या, मीही म्हणायचे. तो गेल्यावर कधीतरी मनातल्या मनात त्या अहोचं अरे झालं, केव्हा ते कळलं नाही. आता तो माझ्यापेक्षा खूपच लहान आहे, हेही कारण असेल.

जंगलातल्या गावांत गाई गाभ टाकायच्या आणि त्याच घरातली माणसं महिनोन्‌महिने तापानं झिजायची. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. मलेरियाच्या गोळ्या खाऊन माणसं कंटाळायची, ताप कंटाळायचा नाही. गाईचा आजार आणि मालकिणीचा ताप एकच आहे का, हे शोधायचं आमचं काम. एकाच घरी आम्ही दोघं जायचो. तो गोठ्याकडे वळायचा, मी ओसरीवर बसायचे. गाईच्या मानेतलं रक्त त्याच्या नळीत, मालकिणीच्या दंडातलं माझ्या नळीत. परतीच्या एसटीत ते नळ्यांचं खोकं मी मांडीवर घेऊन बसायचे, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई त्या खोक्याकडे पाहून म्हणायच्या, आता हेच खेळवा. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला लागायचं.

सुधाकरचे हात फार मोठे होते. अडलेल्या गाईचं वासरू त्या हातांनी बाहेर ओढायचा, आणि घरी आल्यावर तेच हात खसाखसा धुऊन भाकरी थापायचा. त्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली फुगायची आणि सासूबाई हे चारचौघांत सांगायच्या. तो गुरांशी सतत बोलायचा. माणसांशी बोलताना शब्द शोधावे लागायचे त्याला, गाईपाशी गेला की गप्पांना खंड नसे. मी विचारायचे, ती काय म्हणते? तर म्हणायचा, तुझीच तक्रार करते.

एटापल्लीच्या रस्त्यावर बस सोडून बरंच आत चालत जायचं, तिथे एका लहान गावाच्या कडेला जैनीबाईचं घर होतं. नवरा जाऊन काळ लोटलेला, एकुलती मुलगी लांबच्या गावी दिलेली. घरात ती आणि तिची गाय. गोंडी तिची मायबोली, आमच्याशी झाडीपट्टीचं मराठी बोलायची. गाईनं दोनदा गाभ टाकला होता म्हणून ते घर आमच्या कामात आलं. गाईचं रक्त तिनं लगेच घेऊ दिलं, स्वतःचं काही देईना. माहं काऊन पाहिजे, म्हणायची. सुधाकरनं कधी आग्रह केला नाही. प्रत्येक खेपेला गाईचे गोचीड काढत बसायचा, पाठीवर थापटायचा, आणि आम्ही निघायचो. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका खेपेला जैनीबाई आपणहून माझ्यासमोर येऊन बसली, दंड पुढे केला आणि तोंड फिरवलं. गाईले दुखलं नाई तं मले काऊन दुखन, म्हणाली. त्या दिवसापासून सुधाकरला ती डाक्टर म्हणायची सोडून भाऊ म्हणायला लागली. मी मात्र बाईच राहिले.

मोहाचा हंगाम म्हणजे त्या गावांत वर्षाची बेगमी. फुलं पडण्याआधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. मग त्या काळ्या जमिनीवर पहाटेपासून फिकट, रसदार फुलं पडू लागतात. आवाज होतो, पण इतका हलका की आधी वाटतं आपल्यालाच भास होतोय. ऊन चढलं की थांबतात. उशीर केला तर चितळं खाऊन जातात, अस्वलं येतात. त्या गावात झाडं घरांमध्ये वाटलेली होती. ती वाटणी कुठे लिहिलेली नव्हती आणि कोणी मोडतही नसे. दुसऱ्याच्या मोहाखाली बसायचं नाही. मालक आजारी पडला तरी शेजाऱ्यानं त्याची फुलं उचलायची नाहीत, घरचं माणूस असेल तर त्यानंच उचलायची. जैनीबाईचे मोह ओढ्याच्या अंगाला होते, आणि घरचं माणूस ती एकटीच.

गुरांनाही मोह आवडतो. पडून आंबलेली फुलं पोटभर खाल्ली की गाय झिंगते. पाय वाकडे पडतात, लाळ गळते, उगाच हंबरत सुटते. गावाची करमणूक होते. त्या चैत्रात आम्ही गावात शिरलो तेव्हा जैनीबाईची गाय अशीच डुलत होती आणि चार माणसं झाडाच्या सावलीत बसून हसत होती. सुधाकर हसला. मीही हसले. चढली वाटतं हिला, असं काहीतरी तो म्हणाला. त्या महिन्यात, त्या गावात, लाळ गाळणाऱ्या गाईकडे पाहून कोणाच्याच मनात दुसरं काही आलं नसतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ झालंय.

जैनीबाई सकाळपासून बांबूच्या नळीनं तिला चिंचेचा कोळ पाजू पाहत होती आणि सगळा बाहेर येत होता. जवळ गेल्यावर सुधाकरचं हसू गेलं. गाय गिळतच नव्हती, हंबरणं घोगरं झालं होतं. फुलांचा गोळा नाहीतर कैरीची कोय घशात अडकली असेल, असं त्याला वाटलं. मग जनावरांच्या कोणत्याही डॉक्टरनं केलं असतं तेच त्यानं केलं. घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाही वर केली, जैनीबाईला जबडा धरायला सांगितला आणि कोपरापर्यंत हात गाईच्या घशात घातला. बराच वेळ चाचपडत राहिला, तोंडानं तिला गप्पा सांगत. घशात काहीच नव्हतं. हात बाहेर आला तेव्हा मनगटाच्या वर दाढेनं खोल चिरलं होतं. जैनीबाईच्या बोटांना जुन्या चिरा होत्या आणि त्यांच्यावर सगळी लाळ. दोघांनी ओढ्यावर जाऊन साबणानं हात धुतले. सुधाकर म्हणाला, रात्रीत उतरेल हिची, नाही उतरली तर पाहू.

मी रक्ताच्या नळ्या घेऊन चंद्रपूरला परतले, तो थांबला. गाईची उतरली नाही. आधी मागचे पाय गेले, मग ती आडवी झाली आणि गेली. ती मेल्यावर कोणीतरी बोलता बोलता सांगितलं की थंडीत एक कोल्हा भरदिवसा गावात शिरला होता, गुरांच्या अंगावर धावत होता, लोकांनी काठ्यांनी मारला. तेव्हा कोणाला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. सुधाकरनं काय करायचं ते केलं आणि गाईच्या मेंदूचा तुकडा बाटलीत घेऊन पहिल्या गाडीनं आला. बाटली माझ्या टेबलावर ठेवली. एरवी नमुना देताना काहीतरी चेष्टा करायचा. त्या दिवशी स्टूल ओढून शेजारी बसला.

मी काच तयार केली, रंग दिला, डोळा लावला. निळ्या पेशी, आणि त्यांच्या आत गोल, लाल, ठसठशीत ठिपके. पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते. चित्रापेक्षा स्वच्छ दिसत होते. मी डोळा लावला की तो नेहमी विचारायचा, काय दिसतं? त्या दिवशी विचारलं नाही. मीच उठले आणि त्याला जागा दिली. त्यानं पाहिलं, मग हात पुसावेत तसे पँटवर तळवे पुसले.

"कुंदा, जैनीबाईले पहिले गाठलं पाहिजे," तो म्हणाला.

रेबीज हा चालत जाणारा आजार आहे. लाळेतून जखमेत शिरतो आणि नसांच्या वाटेनं, सावकाश, मेंदूकडे निघतो. कधी महिन्यात पोचतो, कधी वर्ष लावतो. एकदा पोचला की पाण्याचा घोटही गळ्याखाली उतरत नाही, आणि मग संपलं. वाचायचं तर तो वाटेत असतानाच. त्यासाठी तेव्हा पोटात चौदा सुया घ्यायच्या, रोज एक. जखम खोल असेल तर त्याबरोबर तयार प्रतिपिंडांचं सीरम द्यावं लागतं, तेही लवकर. ते चंद्रपुरात नव्हतं. आम्ही नागपूरला, मुंबईला तारा केल्या. एकीकडून उपलब्ध नाही असं उत्तर आलं आणि दुसरीकडून कळवू. ते कळवणं अजून यायचंय.

जैनीबाईला आणायला आम्ही दोघं गेलो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. पिसाळलेलं जनावर तिला काही नवीन नव्हतं, त्याच्या चावण्यानं माणूस कसा मरतो तेही तिनं पाहिलेलं होतं. पण पंधरवडाभर चंद्रपूरच्या दवाखान्यात? मोह पडून राह्यला अन् मी चांद्याले येऊ, म्हणाली. मोह गेला तर पावसाळ्यात काय खायचं? मरण येईल की नाही, आणि केव्हा, ते कोणी सांगू शकत नव्हतं. उपास मात्र अगदी समोर दिसत होता. तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मी तिला समजावत होते, मग रागावले, मग रडकुंडीला आले. सुधाकर अंगणात पसरलेल्या फुलांतून काड्या निवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, मग सुईच इथी आणू.

आणि आणली. जवळच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर भला माणूस होता. पहिली सुई त्यानं दोघांना स्वतः दिली, मला कुठे, कशी टोचायची ते दाखवलं आणि पुढचं माझ्यावर सोपवलं. चंद्रपूरहून बर्फ घातलेला थर्मास एसटीच्या कंडक्टरच्या पायाशी यायचा, तो आणायला मी उन्हं कलल्यावर रस्त्यापर्यंत चालत जायचे. आम्ही जैनीबाईच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडलं. सासूबाईंना काय सांगितलं होतं? काम वाढलं म्हणून. त्यांनी आपल्या पोरासाठी लोणच्याची बरणी दिली.

पहाटे तिघं मोहाखाली जायचो. सुधाकर पुढे, हातातलं पातेलं वाजवत, अस्वल असेल तर त्याला कळावं म्हणून. पहिले काही दिवस जैनीबाई आम्हाला फुलाला हात लावू देत नव्हती. बसा, म्हणायची. मग सुयांनी पोट सुजलं, वाकता येईना. ती बुंध्याला टेकून बसायची आणि आम्ही वेचायचो. फूल चुरगळू नये म्हणून कसं उचलायचं ते तिथून ओरडून सांगायची. शेजारच्या झाडाचा मालक एक म्हातारा होता. त्यानं आम्हाला वेचताना पाहिलं आणि तो येऊन उभा राहिला. गोंडीत काहीतरी बोलला. मला भाषा कळली नाही, पण आम्ही दोघंही उठून उभे राहिलो, हातातल्या फुलांसकट, चोरी पकडल्यासारखे.

जैनीबाईनं त्याला उत्तर आमच्या मराठीत दिलं, आम्हाला कळावं म्हणूनच असेल.

"परका कोन होय? हा माहा पोरगा होय, अन् हे माही सून."

म्हातारा आमच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन टोपल्या आणून ठेवल्या, एक मोठी आणि सुनेसाठी एक लहान. सुधाकरनं त्या लहान टोपलीवरून मला पुढे कितीतरी दिवस चिडवलं.

फुलं अंगणात पसरून झाली की चुलीवर सुई उकळायला ठेवायची. आधी जैनीबाई. ती छपराकडे बघत पडून राहायची, ओठ घट्ट मिटून. मग सुधाकर. गाय काय म्हनत असन ते आता समजलं, म्हणायचा. दोघांच्या पोटांवर टेंगळं उठलेली, कालच्या सुईची जागा टाळून आजची शोधायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं पोट मी असं दिवसाढवळ्या, बोटांनी चाचपत कधी पाहिलं नव्हतं. तो डोळे मिटून घ्यायचा. एकदा मी टोचायची थांबले आणि नुसता हात ठेवून बसले, तर डोळे न उघडता म्हणाला, झालं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग असू दे.

खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे होते. हे लिहिताना हात अडतो, पण खोटं कशाला लिहू? चंद्रपूरच्या घरात आम्हाला एकमेकांसाठी वेळ नव्हता. तिथे दुपारभर काम नसायचं. जैनीबाई भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची, आम्ही अंगणात फुलं उलटीपालटी करत बसायचो. सुधाकर म्हणायचा, हे सगळं आटपलं की गाईंच्या तापाचं काम पुरं करू, मोठा निबंध लिहू, तुझं नाव आधी घालू. मी म्हणायचे, तुमचंच घाला, मला काही फरक पडत नाही. आणि मनात म्हणायचे, फक्त तुम्ही राहा. मी बौद्ध घरातली, नवस-सायास आमच्याकडे कधी केले नाहीत, कोणाला मागायचं तेही माहीत नव्हतं. त्या उंच मोहाकडे बघून मागायचे. शास्त्र शिकलेली बाई झाडाकडे बघून नवरा मागत होती, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

शेवटच्या सुईच्या दिवशी जैनीबाईनं मोह आणि जवस कुटून लाडू केले. आम्ही निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली. भाऊ, सांभाळून जाय, म्हणाली. तो म्हणाला, आता काय होते? झालं सगळं.

परवा इथल्या दवाखान्यात शेजारणीच्या नातवाला घेऊन गेले होते. गल्लीतलं कुत्रं चावलं होतं त्याला. दंडात एक बारीकशी सुई, जखमेभोवती सीरम, आणि पुन्हा या म्हणून तारखा. फ्रिजमध्ये त्या कुप्या हारीनं मांडलेल्या. पोरगं रडलंही नाही. मी त्या फ्रिजसमोर उभी राहिले. आनंद झाला, खरंच झाला. आणि इतका राग आला की नर्सबाईनं मला, मावशी, बसता का, असं विचारलं. कोणावर राग, ते मला सांगता आलं नसतं.

मोह संपला, तेंदूपत्ता झाला, पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली. आम्ही पुन्हा खोकी घेऊन गावोगाव हिंडत होतो. चिखलात वाकलेल्या बायकांना मी रक्तासाठी बांधावर बोलवायचे आणि त्या हसून म्हणायच्या, तुमीच या चिखलात. सुधाकरच्या मनगटाला मुंग्या यायला लागल्या. त्यानं मला सांगितलं नाही. मी पाहत होते की तो बोलता बोलता ती जागा खाजवतो. मीही विचारलं नाही. आम्ही दोघं त्याच विषयातले होतो, आम्हाला एकमेकांना सांगण्यासारखं काय होतं?

सकाळची वेळ होती. बाहेर झिमझिम, सासूबाई मागच्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी चहा दिला. तो बशीत ओतून प्यायचा. बशी ओठांपर्यंत नेली आणि त्याचा गळा असा आवळला की चहा शर्टावर सांडला. त्यानं बशी खाली ठेवली, शर्ट झटकला. मग पुन्हा उचलली. शंका राहू नये म्हणून प्रयोग दुसऱ्यांदा करतात, तशी. दुसऱ्यांदाही तेच झालं. त्यानं आईकडे पाहिलं, ती पाठमोरी होती. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात किटली होती आणि ती कुठे ठेवायची ते मला सुचत नव्हतं.

"जैनीबाईले सांगू नको," तो म्हणाला. "मी तापानं गेलो म्हन. नाई तं ते पान्याच्या हर घोटाले भेत राहीन."

स्वतःबद्दल तो एवढंच बोलला. पुढचं मी लिहिणार नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडक्यांना जाड कापडं लावली होती, नळ बंद केला होता, आणि मधूनमधून तो अगदी शुद्धीवर असायचा, त्याच्यासारखाच, तेच सगळ्यात वाईट होतं. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की गेल्यावर मेंदूचा नमुना घ्या, म्हणून घेतला. मी सही केली. ती काच मी पाहिली नाही. नागपूरला कोणीतरी पाहिली आणि मला कळवलं. कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सासूबाईंनी माझ्यावर एकदाही आरोप केला नाही. आम्ही दोघी त्या घरात राहिलो, त्या असेपर्यंत. गाईंच्या तापाचं काम मी पुरं केलं. निबंधावर त्याचं नाव आधी घातलं; मला काही फरक पडत नाही, असं आता म्हणता आलं नाही. मग पुढली सगळी नोकरी त्याच आजारावर काढली, ज्यानं तो गेला. लोक म्हणायचे, बाई धीराची. त्यात धीर कसला? मला एकच जाणून घ्यायचं होतं. एकाच गाईची लाळ, एकाच थर्मासमधली लस, टोचणारा हातही एकच. जैनीबाई वाचली आणि सुधाकर गेला. त्याची जखम खोल होती, मनगटाशी नसांची दाटी असते, सीरम मिळालं नाही. ही सगळी कारणं बरोबर आहेत, मी ती विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दिली आहेत. वर हेही सांगितलंय की दोन माणसांवरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही. वर्ग सुटला की फळा पुसायचे आणि तिथेच बसून राहायचे. माझी दोनच माणसं होती, तिसरं कुठून आणू?

जैनीबाई पुढे खूप वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. पण मला सांगायचंय ते त्याच सालचं, दिवाळीनंतरचं. धान कापून झालं होतं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकरवी मी तिला निरोप पाठवला होता, मलेरियानं गेले म्हणून. तिनं जन्मात चंद्रपूर पाहिलेलं नव्हतं. एकटी बसमध्ये बसून आली, ढोराच्या डाक्टरचं घर कोनतं होय, असं विचारत विचारत दारात उभी राहिली. सासूबाईंनी आणि तिनं एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मी भिंतीला टेकून पाहत राहिले. मला रडू येत नव्हतं. तो गेल्यापासून मला आणखी एक गोष्ट जमत नव्हती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. माझ्या गळ्याखाली पाणी उतरायचं नाही. आजार मला नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण पेला तोंडाशी नेला की बशी दिसायची. भातात ताक कालवून घ्यायचे, ओठ ओले करायचे, सासूबाईंच्या नकळत पेल्यातलं कुंडीत ओतायचे नाहीतर मोरीत.

सासूबाई आत गेल्यावर जैनीबाईनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, कायचा ताप होता? मी म्हटलं, मलेरियाचा. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला. तो तिनं दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघत, सावकाश, अर्धा रिकामा केला. एक थेंब सांडला नाही. पदरानं तोंड पुसलं.

"पाय बाई, मी पितो," ती म्हणाली. "तो गेला आयकलं, त्या दिवसापासून रोज सकाळी पह्यले पानी पिऊन पायतो. मले ठाऊक होय त्याले काय झालं. तू मलेरिया म्हन, मी बी गावात मलेरियाच सांगतो."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"आता तू पे."

मी तांब्या उचलला. तिनं खालून आपला हात लावला. पहिला घोट अडकला. तिनं हात काढला नाही, माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मग तो उतरला. आणि मी, सुधाकरशिवाय, उरलेलं सगळं पाणी प्याले.